खबर आणणारा माणूस

आधीच सांगून टाकतो, हे लिहायला बसण्याइतका माझा अभ्यास नाही. इंग्रजी साहित्यावर लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांच्या कानावरून ती भाषा लहानपणापासून गेलेली असते. मी बारावीपर्यंत इंग्रजीच्या धड्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून वाचत होतो, आणि आजही चार लोकांसमोर इंग्रजी वाक्य बोलायचं म्हटलं की आधी ते मनात दोनदा म्हणून बघतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळं कुणाला विचारून घ्यावं अशी सोयही नव्हती. तरी एका शब्दाबद्दल मला थोडं सांगावंसं वाटतं. एकाच शब्दाबद्दल. चुकेल तिथं जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं परभणी पुसून हिंगोली लिहायचं काम चालू होतं, आणि घाईत रंगवलेल्या काही पाट्यांवर खालची जुनी अक्षरं उन्हात पुन्हा दिसायची. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंग्रजी घेतलेले आम्ही मोजकेच. गावाकडून पुसेगावपर्यंत चालत आणि तिथून एसटीनं हिंगोलीला यायचं, असं रोज जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बसस्टँडच्या मागं दोन मुलांसोबत खोली केली होती. खोलीच्या समोर रस्त्यापलीकडं एक एसटीडीचं दुकान होतं. घरच्यांना त्याच दुकानाचा नंबर देऊन ठेवला होता.

वर्गात आम्हाला एक जुनं नाटक होतं. राजा, सैन्य, तंबू, असं सगळं त्यात होतं. एका प्रवेशात एक माणूस धावत येतो आणि म्हणतो की मी टायडिंग्ज घेऊन आलो आहे. सरांनी अर्थ सांगितला, टायडिंग्ज म्हणजे बातमी. आता हा शब्द कुणी वापरत नाही, पुस्तकातच भेटतो. आणि ते पुढं गेले. मला शंका आली, पण विचारायला तास संपेपर्यंत धीर झाला नाही. बाहेर पडताना मी सरांना म्हणालो, सर, बातमीला न्यूज आहे ना, मग त्यांनी दुसरा शब्द का ठेवला? सर शांत बोलणारे होते, आमच्या चुकांना कधी हसायचे नाहीत. म्हणाले, मला नक्की माहीत नाही, तूच बघ. लायब्ररीत जुनी पुस्तकं आहेत. हा शब्द जिथं जिथं भेटेल तिथं कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, ते बघ. डिसेंबरात सेमिनार आहे, तेव्हा सांग.

आमच्या लायब्ररीत एक लोखंडी कपाट होतं, कायम कुलूपबंद. निजामाच्या काळातल्या कुणा वकिलाच्या घरच्यांनी दिलेली इंग्रजी पुस्तकं त्यात होती. लायब्ररीच्या क्लार्ककडं त्याची किल्ली होती, पण ती कुणी मागितलीच नव्हती, त्यामुळं ती सापडायलाच आठवडा गेला. दार उघडलं तेव्हा डांबरगोळ्यांचा आणि कसरीचा वास आला. क्लार्क म्हणाले, घे बाबा, तूच पहिला. मग मी रोज दुपारी खिडकीजवळ बसून वाचू लागलो. वाचू लागलो असं म्हणणंही जास्त होईल. शेजारी डिक्शनरी ठेवून मी त्या पानांतून वाट काढत होतो. कितीतरी गोष्टी डोक्यावरून गेल्या. पण एकच शब्द शोधायचा असला की एक बरं असतं, बाकीचं कळलं नाही तरी तो दिसतो.

हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं की हा शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत माणूस असतो. न्यूज कशीही पसरते, बाजारात पसरते, कागदावर छापून येते. टायडिंग्ज मात्र कुणीतरी आणावी लागते. कुणीतरी उचलून, वाहून, चालत किंवा घोड्यावर, लांबून. नाटकांत तर हे फारच उघड होतं. तो माणूस यायच्या आधी कुणीतरी गच्चीवरून त्याला बघतं. तो कसा येतोय, मान खाली आहे की वर, यावरून लोक अंदाज बांधतात. तो येतो, अंगावर धूळ असते, आणि लगेच बोलत नाही. आधी बोलू का म्हणून विचारतो, किंवा भलतंच काही बोलतो. राजा चिडतो, म्हणतो, सांग लवकर. मग तो सांगतो. खबर वाईट असली तर राजाचा राग त्याच्यावरच निघतो, जणू त्यानंच ते घडवलं. चांगली असली तर अंगठी मिळते, पैशाची थैली मिळते. आणि मग तो निघून जातो. पुढच्या प्रवेशात तो नसतो.

नाटकाच्या सुरुवातीला पात्रांची नावं असतात. तिथं मी त्याचं नाव शोधलं. अगदी शेवटी, सैनिक, नोकर यांच्या रांगेत, फक्त दूत एवढंच लिहिलेलं.

जुन्या लांबलचक कवितांतही तसंच. पुढच्या काळातल्या कादंबऱ्या घेतल्या तर तिथं टपाल आलेलं होतं, मग आगगाडी आली, तार आली, आणि हा शब्द विरळ होत गेला. उरला तो म्हाताऱ्या मोलकरणीच्या तोंडी, पाद्र्याच्या तोंडी, नाहीतर थट्टेनं मुद्दाम जड बोलणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या तोंडी. मला वाटलं, माणसानं खबर आणणं बंद झालं तसा शब्दही मागं पडला. हे मी सरांना भीतभीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बरोबर की नाही ते पुढं बघू, पण बघायची जागा बरोबर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं सासर जवळा बाजारजवळ. आदल्या वर्षी तिचं पहिलं लेकरू तिकडंच जन्मलं आणि जन्मताच गेलं. तेव्हापासून ती कमी बोलायची. या वेळी सगळं घर तिच्याकडं बघून चालत होतं. आई तिला जड भांडं उचलू देत नव्हती, वडील शेतातून आले की आधी तिच्याकडं बघायचे आणि मग पाय धुवायचे. बाळंतपण संक्रांतीच्या पुढं होईल असं सेनगावच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं. नीट होईल ना, हे कुणी उघड विचारत नव्हतं.

आबांसोबत, म्हणजे आजोबांसोबत, मी संध्याकाळी अंगणात बसायचो. आबांचं वय तेव्हा सत्तरच्या पुढं होतं. गुडघा दुखायचा, हातात काठी असायची. ते मोजकं बोलायचे. त्यांची एक गोष्ट आम्हा भावंडांना लहानपणापासून खटकायची. घरात कुणी बाहेरून आलं की आई विचारायची, शेजारी विचारायचे, जेवलास का. आबा कधी विचारायचे नाहीत. ना आम्हाला, ना पाहुण्यांना. आम्ही म्हणायचो, आबांना आमची फिकीरच नाही.

त्या दिवशी मी त्यांना कॉलेजचं सांगत होतो. सांगता सांगता आदल्या वर्षीचं निघालं. अक्काचं लेकरू गेल्याचं मला कसं कळलं, ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी खोलीवरच्या मुलांसोबत गाड्यावर भजी खात होतो. कुणाच्या तरी नकलेवर आम्ही हसत होतो. तेवढ्यात एसटीडीवाल्यानं रस्त्यापलीकडून हाक मारली, आणि तिथूनच सांगितलं की सकाळीच फोन आला होता, तुमच्या बहिणीचं लेकरू गेलं म्हणून, सांगायचं राहून गेलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या दुकानात गर्दी होती, आणि निरोप विसरला नाही हेच त्याच्या लेखी खूप होतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हातात काय होतं तुझ्या?"

"भजी."

"खाल्ली का मंग?"

"न्हाई. टाकून देली."

"असंच असतंय," आबा म्हणाले. "म्हणून आधी इचारायचं असतंय."

काय विचारायचं, ते मला कळलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं. आमच्या समाजाकडं पूर्वी गावकीची कामं होती, हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यातलं एक काम असं की गावात कुणी वारलं की त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी खबर न्यायची. ते आबांकडं होतं. रात्र असो, पाऊस असो, बोलावणं आलं की घुंगरांची काठी घेऊन निघायचं. एरवी ती काठी आपटत चालायचं, म्हणजे लोकांना कळावं कोण येतंय. पण मौतीची खबर असली की आबा घुंगरं मुठीत धरायचे, वाजू द्यायचे नाहीत. वाटेत कुणी विचारलं, कुठं निघाला रे, तर नुसतं पुढं असं म्हणायचं. ज्याची खबर त्यालाच आधी.

त्या घरी पोचलं की अंगणाच्या बाहेर उभं राहायचं. आत कुणी घेत नव्हतंच. आणि लगेच बोलायचं नाही. आधी विचारायचं, जेवणं झाली का. झाली नसली तर म्हणायचं, जेवून घ्या, मी बसतो, पाय दुखून राहिले. कारण एकदा सांगितलं की त्या घरात मग चूल पेटणार नाही, माणसं उपाशीच बैलगाडीत बसणार, लेकरंसुद्धा. म्हणून ती जेवेपर्यंत लिंबाखाली बसायचं. मग सांगायचं. तेही गेले असं नाही. तब्येत जास्त हाये, निघा, एवढंच. ज्याला समजायचं त्याला समजायचं.

मी विचारलं, "पण तुमी जेवण इचारलं की लोकायला कळतच असंल की?"

"कळायचं," आबा म्हणाले. "पुढं पुढं तर मला पाहूनच कळायचं. तरी इचारायचो. काही लोक कळून बी दोन घास खायचे."

मग ते एकदम हसले आणि त्यांनी जवळा बाजारचं सांगितलं. आमच्या गावच्या एका जमीनदाराची लेक तिकडं दिली होती. आबा आठवडी बाजाराला मिरच्या घ्यायला गेले होते. नुसत्या मिरच्या घ्यायला. गर्दीत ती बाई समोर आली. आपल्या गावची लेक, न बोलता कसं जावं, म्हणून आबांनी सहज विचारलं, जेवल्या का बाई. बाईनं हातातली टोपली खाली ठेवली आणि तिथंच बसून गळा काढला. बाया गोळा झाल्या. आबा सांगतायत की कुणीच गेलेलं नाही, सगळे खुशाल आहेत, मी मिरच्या घ्यायला आलो आहे. कोण ऐकणार? ती म्हणायची, मग जेवण कशाला विचारलंस? घरच्यांनी गाडी जुंपली. संध्याकाळी बाई रडत रडत माहेरच्या वेशीत शिरली, तर तिचा बाप ओट्यावर सुपारी कातरत बसलेला. त्यानं आबांना बोलावणं धाडलं. आबांना वाटलं, आता मार बसतो. पण तो म्हातारा हसत होता. म्हणाला, माझं रडणं मला जित्तेपणी ऐकवलंस तू. आता येथून पुढं कोणाला जेवण इचारू नकोस बाबा.

"तवापासून खबर नसली की कोणाला न्हाई इचारलं," आबा म्हणाले. "काम सोडलं तरी न्हाई इचारलं. तोंडातून निघतच न्हाई."

काम त्यांनी धर्मांतरानंतर सोडलं. भावकीतल्या सगळ्यांनी मिळून काठ्या चावडीपुढं नेऊन ठेवल्या. पुढची दोन-तीन वर्षं गावात कुणी मजुरीला बोलावलं नाही, तेव्हा ते पार विदर्भाच्या शिवेपर्यंत कामाला जायचे. त्या दिवसांबद्दल ते जास्त बोलले नाहीत.

मी त्यांना माझ्या पुस्तकांतल्या माणसाबद्दल सांगितलं. तो कसा धावत येतो, राजा त्याच्यावर कसा चिडतो.

"तिकडं राजाकडं बी माणूसच जायचा?"

"व्हय."

"नाव काय त्याचं?"

"नाव नसतंय आबा. नुसतं दूत म्हणून लिहिलेलं असतंय."

आबांनी थोडा वेळ काठीनं मातीत रेघ ओढली. "मंग बराबर लिहिलंय," ते म्हणाले.

चांगली खबर आणली की त्याला थैली देतात, हेही मी सांगितलं. त्यावर आबा म्हणाले की ते आपल्याकडंही होतं. सोयरीक जमली, पोरगं झालं, तर साखर घेऊन दुसरा माणूस जायचा आणि फेटा घेऊन यायचा. ते काम आबांना कधी मिळालं नाही. मिळणारही नव्हतं. त्यांना बघून लोकांच्या पोटात गोळा येई, अशा माणसाच्या हाती साखर कोण देणार?

मग घराकडं, जिथं अक्का दिव्याच्या वाती वळत बसली होती, तिकडं बघून ते म्हणाले, "या बारीची खबर मी नेणार."

वडील बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांना हे जुनं काढलेलं आवडत नव्हतं. म्हणाले, "आबा, फोन हाये की आता. तुमच्या गुडघ्यानं एसटीत चढणं होतंय का?"

"फोनला कोण फेटा देतंय?" आबा म्हणाले. अक्कासुद्धा हसली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघितलं.

पण वडिलांनी नंतर मला बाजूला घेऊन बजावलं, की फोनच करीन, त्यांना धाडणार नाही, तू दुकानदाराला नीट सांगून ठेव. आणि आणखी एक म्हणाले, ते गावकीचं कॉलेजात काहून सांगायचं? सोडलं ते सोडलं. त्यांचं मला पटतही होतं आणि नव्हतंही.

डिसेंबरात सेमिनार झाला. वर्गात आम्ही नेहमीचे आठ-दहा जण, सर, आणि मागच्या बाकावर लायब्ररीचे क्लार्क, कपाट उघडलं त्याचं काय झालं ते बघायला आलेले. मी कागद धरून वाचलं. दोन ठिकाणी अडखळलो. पुस्तकातल्या दूताचं सांगून झाल्यावर मी एवढंच म्हणालो की आमच्या भागातही खबर नेण्याची अशी एक रीत होती, आणि ती सांगितली. कुणाची, ते नाही सांगितलं. वडिलांचं बोलणं डोक्यात होतं.

वाचून झालं. एक मित्र म्हणाला, याच्या गावात इंग्रजी राजे राहत होते वाटतं. सगळे हसले, मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ही जेवणाची गोष्ट तू कुठं वाचलीस?

मी म्हणालो, "वाचली नाही सर. माझे आबा खबर न्यायचे."

मग सरांनी एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. तू वाचलेल्या पुस्तकांत एखादा दूत राजाला आधी जेवलात का म्हणून विचारतो का? मी आठवून बघितलं. मला आठवेना. सर म्हणाले, शोध. सापडला तर मला सांग.

त्यामुळं सेमिनार संपला तरी माझं कपाट उघडणं संपलं नाही. त्यातले दूत मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. कुणी गुडघे टेकत होता, कुणी क्षमा मागत होता, कुणी उगाच लढाईचं वर्णन लांबवत होता. आता मला ते लांबवणं वेगळं दिसायला लागलं होतं. त्यांनाही सांगवत नसेल. पण समोरचा उपाशी आहे की काय, हे मी वाचलं तेवढ्यात तरी कुणी विचारलेलं नव्हतं.

संक्रांत झाली. मी रोज कॉलेजातून आलो की आधी एसटीडीच्या दुकानात जायचो. मी दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं होतं की माझा फोन आला तर रस्त्यावरून ओरडू नका, खोलीवर येऊन सांगा. तो मनाला लावून घेणारा नव्हता. मला लांबून बघितलं की मान हलवायचा.

"प्रोफेसर, आज भी नहीं आया."

"गावाकडची लाईन चालू आहे का?"

"लाईन का क्या भरोसा. पर मामा बनोगे, मिठाई मेरेकू पहले."

असं बरेच दिवस चाललं. आमच्या गावात फोन एकाच घरी होता, तोही वारा सुटला की बंद पडायचा. मी मनाशी हिशेब मांडायचो. फोन आला नाही म्हणजे अजून वेळ आहे. किंवा झालं आहे आणि लाईन बंद आहे. किंवा झालं आहे आणि कुणाला फोन करवत नाही. हा तिसरा विचार आला की मी पुस्तक उघडायचो. पुस्तकात तो माणूस कुठल्या ना कुठल्या पानावर येतच असायचा. खोलीवरच्या मुलांनाही माझं कळलं होतं. त्यांनी माझ्यासमोर मोठ्यानं हसणं कमी केलं होतं, आणि त्याचंच मला जास्त ओझं व्हायचं.

त्या दिवशी दुपारी मी लायब्ररीतच होतो. सकाळी तास होता म्हणून काही न खाता आलो होतो. क्लार्क आत आले आणि म्हणाले, तुला बाहेर कुणीतरी म्हातारे बोलावतायत. आत या म्हणालो तर येत नाहीत.

मी खिडकीतून बघितलं. कॉलेजच्या फाटकाच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली आबा उभे होते. धोतर, पांढरी टोपी, काठी. फाटक सताड उघडं होतं, मुलं आत-बाहेर करत होती, आणि ते बाहेरच उभे होते. काठी त्यांनी वरून, मुठीनं घट्ट धरली होती. त्या काठीला घुंगरं नव्हती, साधी बाभळीची काठी होती ती.

जिना उतरताना मला एवढंच सुचत होतं की फोन असून आबा आले. वडिलांनी त्यांना धाडणार नाही म्हणून सांगितलं होतं, तरी आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत चाललो होतो. पुस्तकातली माणसं गच्चीवरून बघतात ना, तसाच. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तरुणपणी दहा-बारा वर्षं त्यांनी चेहऱ्यावरून काही कळू न देण्याचंच काम केलं होतं.

मी जवळ गेलो, पाया पडलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जेवलास का?"

हा प्रश्न त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला. मी खोटं बोलून हो म्हणू शकलो असतो, म्हणजे ते लगेच बोलले असते. पण तोंडातून खरंच निघालं. म्हणालो, न्हाई.

"मंग बस. आधी जेव."

"आबा, अक्का?"

"आधी जेव."

ते लिंबाच्या मुळीवर बसले, गुडघ्याला हात लावून, हळूच. मीही बसलो. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं. ज्वारीची भाकर होती, तिळाची चटणी होती, कांदा होता. भाकर आईनं थापलेली होती, कडेला तिच्या बोटांची खूण असते, ती होती. म्हणजे घरात चूल पेटली होती. हे माझ्या ध्यानात आलं, पण त्यावर विश्वास ठेवायची हिंमत होईना. आई रडत रडतसुद्धा भाकर थापू शकते, हे मी बघितलेलं आहे.

मी घास तोडला. आबा माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते. समोरून हळदीची पोती भरलेला ट्रक मोंढ्याकडं गेला. दोन मुलं सायकलवरून ओळखीचं हसून गेली. मी दुसरा घास घेतला. चटणी तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं तर कुणाला कळणार नाही इतकी. आबा थांबले. घाई त्यांनी केली नाही. पाण्याची बाटली त्यांनी बाजूला काढून ठेवली आणि मी अर्धी भाकर संपवेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

मग म्हणाले, "झालं?"

"व्हय."

"हात धू."

मी हात धुतला. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. एसटीच्या गर्दीत चुरगळलेली एक कागदाची पुडी काढली. ती उघडायला त्यांना वेळ लागला.

"हात पुढं कर."

मी ओला हात पुढं केला. त्यांनी त्यावर साखर ठेवली.

"पोरगी झाली," आबा म्हणाले. "काल दिवस मावळता. दोघी बराबर हायेत."